टेस्टने उठवलेल्या प्रोग्रामला डिबगर लावताना

प्रश्न शिरपूरच्या एका मुलाचा आहे, सध्या धुळ्यात नोकरीला आहे. त्यांच्याकडे जिनिंगच्या भुईकाट्यासाठी लिहिलेलं विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, सी-शार्प भाषेतलं, खिडक्या डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने बनवलेल्या. फ्ला-यूआय, म्हणजे खिडकीतली बटणं-रकाने माणसासारखे हाताळणारी लायब्ररी, वापरून त्याने स्क्रीनच्या टेस्ट लिहिल्या. टेस्टच काट्याचा प्रोग्राम चालू करते, गाडी नंबर टाकते, ग्रॉस (भरल्या गाडीचं वजन) घेते, टेअर (रिकाम्या गाडीचं) घेते, नेट (नुसत्या मालाचं) बरोबर येतंय का आणि पावती निघतेय का ते बघते. व्हिज्युअल स्टुडिओतून एफ५ दाबून चालवलं की सगळं ठीक, टेस्टमधून चालवलं की वजनाचा रकाना कोरा. तो म्हणतो, "काट्याच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट (या ओळीवर थांब अशी खूण) लावतो, पण हिटच होत नाही. डिबग टेस्ट केलं तरी नाही. टेस्टने चालू केलेल्या प्रोग्रामला डिबगर लावायचा कसा?"

भाऊ, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. डिबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघू देणारं हत्यार, प्रोजेक्टला लागत नाही, सोल्युशनला लागत नाही, तो प्रोसेसला, म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेल्या प्रोग्रामला, लागतो. टेस्ट एक्सप्लोररमध्ये तू डिबग म्हणतोस तेव्हा स्टुडिओ टेस्टहोस्ट नावाच्या प्रोसेसला डिबगर लावतो, कारण तुझी टेस्ट तिच्या पोटात चालते. ती टेस्ट मग काट्याचा एक्झे वेगळी प्रोसेस म्हणून उठवते, आणि त्या दुसऱ्या प्रोसेसचं डिबगरला काही सोयरसुतक नसतं. दोन्ही प्रोजेक्ट एकाच सोल्युशनमध्ये, कोड डोळ्यांसमोर उघडा, म्हणून आपल्याला वाटतं लागला असेल. ट्रॅक्टर काट्यावर चढवला आणि ट्रॉली रस्त्यावरच सोडून वजन घेतलं, तसं हे झालं. कापूस ट्रॉलीत आहे.

हे तुला स्क्रीनवरही दिसत असणार. ब्रेकपॉइंटचा लाल गोल भरीव न राहता पोकळ झाला असेल, आणि त्यावर माउस नेलास तर या फाइलची सिम्बॉल्स (कोडच्या ओळी आणि चालता प्रोग्राम यांची जुळणी सांगणारी माहिती) लोड झालेली नाहीत असं काहीतरी म्हणत असेल. पोकळ गोल म्हणजे तू ज्या प्रोसेसला धरून बसलायस तिच्यात हा कोड आलेलाच नाही. तो दिसला की कोडमध्ये चूक शोधत बसू नकोस, आधी प्रोसेस बघ.

प्रोसेस बघायची म्हणजे तिचा बाप कोण ते बघायचं. मायक्रोसॉफ्टचा प्रोसेस एक्सप्लोरर घे, त्यात झाडासारखी उतरंड दिसते. फ्ला-यूआयमध्ये काटा, म्हणजे काट्याचा प्रोग्राम, थेट टेस्टहोस्टच्या खाली दिसेल. तेच तू विन-ॲप-ड्रायव्हर किंवा ॲपियम ही मधल्या ड्रायव्हरमार्फत चालणारी टेस्टची साधनं वापरत असतास तर काटा ड्रायव्हरच्या प्रोसेसखाली दिसला असता, टेस्टचा त्याच्याशी थेट संबंधच नसता. कोणाच्या पोटी जन्मला यावर पुढची निम्मी उत्तरं ठरतात: वर्किंग डिरेक्टरी (फाइल नुसत्या नावाने मागितली की जिथे शोधली जाते ते फोल्डर) कोणती मिळाली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी नाव-किंमतीची सेटिंग) कोणते मिळाले, अ‍ॅडमिन हक्क मिळाले की नाही, हे सगळं तो बापाकडून घेतो.

आता जोडायचं कसं. सर्वांत साधा उपाय, ज्याने पन्नास टक्के वेळा काम भागतं: टेस्टमध्ये ज्या ओळीवर प्रोग्राम लाँच होतो तिच्या पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेव आणि टेस्ट डिबगमध्ये चालव. तिथे थांबली की कंट्रोल-ऑल्ट-पी दाब, यादीतून काट्याची प्रोसेस निवड, अटॅच कर. एका स्टुडिओत दोन-दोन प्रोसेस सुखाने राहतात. पुढच्या वेळी पुन्हा यादी धुंडाळायची गरज नाही, शिफ्ट-ऑल्ट-पी म्हणजे मघाचीच प्रोसेस पुन्हा धर. काटा अ‍ॅडमिन म्हणून चालत असेल तर स्टुडिओही अ‍ॅडमिन म्हणून उघडलेला हवा. आणि तसंच असेल तर टेस्टही वरच्या हक्काने चालव, कारण खालच्या हक्काची प्रोसेस वरच्या हक्काच्या खिडकीत की-बोर्ड-माउस घालू शकत नाही, विंडोज ते गुपचूप गिळून टाकते. एरर नाही, काही नाही. माझे यात दोन दिवस गेलेत.

या उपायाची खोट अशी की तू अटॅच होईपर्यंत प्रोग्राम उठून, आंघोळ करून, कामाला लागलेला असतो. सेटिंग वाचून झालेली असतात, ज्यातून वजन येतं तो पोर्ट उघडून झालेला असतो. तुझ्या लक्षणावरून मला वाटतं की तुझी चूक त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात आहे, आणि तिथे हाताने कितीही चपळाई केलीस तरी पोहोचणार नाहीस.

तेव्हा प्रोग्रामलाच जन्मतः थांबायला सांग. मी आमच्या प्रत्येक डेस्कटॉप प्रोग्राममध्ये मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या) पहिल्या ओळीत हे ठेवतो: एक ठरावीक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे का बघ, असेल तर स्वतःचा प्रोसेस नंबर लॉगमध्ये लिही आणि 'डिबगर डॉट इज-अटॅच्ड' खरं होईपर्यंत शंभर-शंभर मिलिसेकंद झोपत रहा. चार ओळींचं काम. डब्ल्यूपीएफमध्ये मेन आपोआप तयार होतं, म्हणून ॲप क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवलंस तरी चालेल, फक्त त्या क्लासमध्ये स्टॅटिक फील्ड असतील तर ती त्याच्याही आधी भरली जातात हे ध्यानात ठेव. या थांबण्याला साठ सेकंदांची मर्यादा घाल, म्हणजे चुकून व्हेरिएबल राहून गेला तरी प्रोग्राम कायमचा अडकणार नाही.

व्हेरिएबल द्यायचा कुठून? टेस्टमध्ये, लाँच करताना. फ्ला-यूआयच्या लाँचला नुसता पाथ न देता प्रोसेस-स्टार्ट-इन्फो दे, त्यात व्हेरिएबल घाल आणि शेल-एक्झिक्यूट बंद ठेव. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये तो मुळात चालू असतो आणि चालू असताना व्हेरिएबल घातलास तर एक्सेप्शन (चालताना उठणारी चूक) येते. डॉटनेट कोअरपासून तो मुळात बंद. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हेरिएबल टाकणारे लोक मग दोन तास डोकं धरून बसतात, कारण आधीपासून उघडा असलेला स्टुडिओ नवा व्हेरिएबल बघतच नाही. तो बंद करून परत उघडावा लागतो.

काही जण या जागी 'डिबगर डॉट लाँच' लिहितात. तुझ्या टेबलावरच्या मशीनवर ते छान आहे, खिडकी येते, कोणता स्टुडिओ उघडू विचारते. पण ती ओळ चुकून चेक-इन झाली आणि बिल्डच्या मशीनवर गेली की बघ. तिथला एजंट, म्हणजे बिल्ड चालवणारा प्रोग्राम, बहुतेक सर्व्हिस म्हणून चालतो, आणि विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन शून्यात असतात, जिथली खिडकी कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. खिडकी उघडलेली आहे, ओके दाबायची वाट बघतेय, दाबणारं कोणी नाही. सकाळी येऊन बघावं तर बिल्ड रात्रभर लटकलेला. (याच कारणाने स्क्रीनच्या टेस्ट सर्व्हिसखाली नीट चालतही नाहीत, एजंटला लॉग-इन केलेल्या डेस्कटॉपवर चालवावं लागतं.)

आता तो उपाय, जो नेटवर सगळ्यांत आधी सापडतो आणि ज्याने माझी एकदा पुरती शोभा केली. विंडोजच्या रजिस्ट्रीत, लोकल मशीनच्या शाखेत, 'इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स' नावाची जागा आहे. तिथे तुझ्या एक्झेच्या नावाची की तयार करायची, तिच्यात 'डिबगर' नावाची स्ट्रिंग टाकायची आणि किमतीत डिबगरचा पाथ द्यायचा. मग त्या नावाचा प्रोग्राम कोणीही चालू करो, टेस्ट करो, ड्रायव्हर करो, शेड्युलर करो, विंडोज आधी डिबगर उठवते आणि मूळ प्रोग्रामची कमांड लाइन त्याच्या हातात देते. पहिल्या सूचनेपासून तू हजर. कोडला हात लावायचा नाही. ऐकायला फार गोड आहे.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर, कापसाचा हंगाम ऐन भरात. पारोळ्याकडच्या एका जिनिंगवर आमचा प्रोग्राम कधीकधी सुरू होतानाच मरायचा, आमच्या ऑफिसात मात्र कधीच नाही. मी पेन ड्राइव्हवर विन-डिबग हा मायक्रोसॉफ्टचा डिबगर घेऊन गेलो, संध्याकाळी त्यांच्या मशीनवर ही रजिस्ट्रीची नोंद केली, पाथ पेन ड्राइव्हचा दिला. दोन-तीनदा चालवलं, हवा तो डंप (मरतानाच्या मेमरीची नोंद) मिळाला, खूश होऊन पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि जळगावला घरी आलो. नोंद तशीच राहिली.

सकाळी सातला फोन. काट्यावरचा माणूस म्हणतो, "भाऊ, तुमनं सॉफ्टवेअर कोठे गयं?" डबल-क्लिक केलं की विंडोज म्हणे, ही फाइल सापडत नाही, नाव नीट टाइप केलंय का बघा. आणि फाइल तर समोर दिसतेय, त्याच फोल्डरमध्ये, आयकॉनसकट. मी फोनवरून इन्स्टॉलर परत चालवायला लावला. तेच. अँटिव्हायरसने खाल्लं असेल म्हणून तो बंद करायला लावला. तेच. इकडे माझ्या लॅपटॉपवर सगळं मस्त, "मन्हा मशीनवर चालस" एवढंच म्हणायचं बाकी होतं. तिकडे गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, हमाल बसून, मालक फोनवर. शेवटी त्या काट्यावरच्या माणसानेच फाइलची कॉपी करून तिचं नाव बदललं आणि ती चालू झाली! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रजिस्ट्रीची नोंद फक्त नावावर चालते. विंडोज पेन ड्राइव्हवरचा डिबगर शोधत होती, तो मिळत नव्हता, आणि नाही मिळालं म्हणून सांगताना नाव घेत होती आमच्या प्रोग्रामचं. बारा वर्षांच्या अनुभवाचा माणूस मी, आणि बग शोधला दहावी शिकलेल्या काटेवाल्याने.

म्हणून ही पद्धत वापरू नकोस असं नाही. ज्या प्रोग्रामचा कोड तुझ्या हातात नाही त्याला दुसरा चांगला इलाज नाही. पण नोंद टाकणारी एक आणि काढणारी एक अशा दोन छोट्या बॅच फाइल डेस्कटॉपवर शेजारी-शेजारी ठेव, आणि अँटिव्हायरसने आरडाओरडा केला तर त्याला दोष देऊ नकोस; हीच जागा व्हायरसवालेही वापरतात. टेस्टच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. लाँच केल्यावर टेस्टच्या हातात जो प्रोसेस नंबर येतो तो डिबगरचा असतो, काट्याचा नाही. फ्ला-यूआय मग डिबगरची मुख्य खिडकी शोधत बसते. तेव्हा लाँचच्या ऑब्जेक्टवर विसंबू नकोस, प्रोसेस नावाने शोधून तिला फ्ला-यूआय अटॅच कर.

व्हिज्युअल स्टुडिओसाठी मायक्रोसॉफ्टचंच चाइल्ड प्रोसेस डिबगिंगचं एक एक्स्टेन्शन मिळतं. टेस्टहोस्टने जे जे पोर उठवलं त्याला स्टुडिओ आपोआप धरतो. बापाला नेटिव्ह डिबगिंगसकट धरलेलं असावं लागतं, ते विसरलं की वाटतं एक्स्टेन्शन बिघडलंय. तुझ्या कामाला, म्हणजे जिथे काटा थेट टेस्टहोस्टचं पोर आहे, ते चपखल बसेल. विन-डिबगमध्ये हेच काम सुरुवातीला ओ हा स्विच दिला की होतं.

इथपर्यंत सगळे येतात. यापुढे जे होतं त्याबद्दल फार कोणी सांगत नाही. डिबगर लागला, ब्रेकपॉइंटवर थांबला, तू व्हेरिएबल बघतोयस, आणि तेवढ्यात प्रोग्राम गायब. काय झालं? टेस्ट वाट बघत होती. तिने दहा सेकंद वाट बघितली, बटण काही मिळालं नाही, टेस्ट फेल झाली, आणि शेवटी साफसफाई करताना तिने काट्याची प्रोसेस मारून टाकली. तू मेलेल्याची नाडी बघत होतास.

तेव्हा डिबग करताना टेस्टचे टाइमआउट वाढव. यात एक फसवणूक आहे, मी स्वतः फसलोय: लोक टेस्टमध्ये लिहितात, 'डिबगर डॉट इज-अटॅच्ड' असेल तर टाइमआउट एक तास कर. पण ते फक्त स्वतःच्या प्रोसेसबद्दल उत्तर देतं. डिबगर काट्याला लावलाय, टेस्टला नाही, म्हणून टेस्टमध्ये उत्तर येतं 'नाही' आणि टाइमआउट दहा सेकंदच राहतो. त्याऐवजी मघाचाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दोन्हीकडे वापर. तो असेल तर काटा जन्मतः थांबतो आणि टेस्ट तासभर धीर धरते, एकाच किल्लीने दोन्ही कुलपं. टेस्ट फ्रेमवर्कचा स्वतःचा वेगळा टाइमआउट असेल तर तोही बघ. ॲपियममध्ये टेस्टकडून ६० सेकंद काही आदेश आला नाही तर सर्व्हर सेशनच बंद करतो. म्हणजे तू टेस्टमध्ये ब्रेकपॉइंटवर थांबलास तरी पंचाईत.

दोन्ही प्रोसेस एकाच स्टुडिओत असतील तर आणखी गंमत. डिबगिंगच्या ऑप्शनमध्ये एक खूण असते, एक प्रोसेस थांबली की सगळ्या थांबवायच्या, आणि ती मुळातच चालू असते. काट्यात थांबलास की टेस्टही गोठते, मग टाइमआउटचा प्रश्न सुटला असं वाटेल. नाही सुटत. टेस्ट गोठली तरी भिंतीवरचं घड्याळ चालूच आहे. तू पाच मिनिटांनी एफ५ दाबलंस की टेस्ट जागी होते, वेळ बघते, म्हणते पाच मिनिटं झाली की, आणि फेल होते. उलट बाजूने बघ: टेस्टमध्ये थांबलास, काटाही गोठला, आणि तू वॉच विंडोमध्ये नेट वजनाच्या रकान्याचं टेक्स्ट बघायला गेलास. ते टेक्स्ट टेस्टकडे नसतं. यूआय ऑटोमेशन, म्हणजे फ्ला-यूआयच्या खाली असलेली विंडोजची सोय, ते काट्याच्या प्रोसेसला विचारायला जातं, आणि काटा गोठलेला. स्टुडिओ फिरत बसतो आणि शेवटी सांगतो की उत्तर मिळायला फार वेळ लागला. टेस्टच्या बाजूने बघायचं असेल तेव्हा ती खूण काढ, म्हणजे काटा जिवंत राहून उत्तरं देईल.

आणि तिसरं, फोकस. ब्रेकपॉइंट लागला की स्टुडिओ उडी मारून पुढे येतो. टेस्ट टाइप करते ते ज्या खिडकीवर फोकस आहे तिच्यात जातं, ती कोणाची आहे हे की-बोर्डला कळत नाही. एकदा मी जेवायला गेलो होतो, ब्रेकपॉइंट तसाच ठेवून टेस्ट चालू सोडून. परत येऊन बघतो तर माझ्या सी-शार्पच्या फाइलमध्ये, एका फंक्शनच्या मधोमध, गाडी नंबर टाइप झालेला, एमएच १८ पासून शेवटच्या चार आकड्यांपर्यंत नीट, आणि खाली कापसाची जात. वर सेव्हही झालेलं, कारण आमच्या पावतीचा शॉर्टकट कंट्रोल-एस होता. बिल्ड का तुटतोय ते कळायला थोडा वेळ लागला.

यावर चांगला उपाय म्हणजे स्टुडिओ त्या मशीनवर असूच नये. टेस्ट आणि काटा एका मशीनवर, तिथे फक्त रिमोट डिबगर चालू ठेव, आणि तू शेजारच्या लॅपटॉपवरून जोड. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२चा रिमोट डिबगर पोर्ट ४०२६ वर ऐकतो, २०१९चा ४०२४ वर. फायरवॉलमध्ये तेवढं उघड. टेस्टच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जाऊन मग खिडकी बंद करू नकोस, सेशन लॉक होतं आणि टेस्टला क्लिक करायला डेस्कटॉपच उरत नाही. मशीन एकच असेल तर थांबणारे ब्रेकपॉइंट कमी कर आणि ट्रेसपॉइंट वापर: ब्रेकपॉइंटच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्शन निवडून हवा तो मजकूर लिही, चालू ठेव ही खूण कर. तो आउटपुट विंडोमध्ये ओळ लिहून पुढे जातो, फोकस हलत नाही, घड्याळही फारसं पुढे जात नाही. स्क्रीनच्या टेस्टमध्ये मी दहापैकी सात वेळा हेच करतो.

तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द, कारण सगळे विंडोजवर नसतात. लिनक्सवर उबंटूमध्ये चालू प्रोसेसला जीडीबी हा डिबगर लावायला गेलं की परवानगी नाही म्हणतो, प्रोसेस तुझीच असली तरी. कर्नलमधलं यामा नावाचं सुरक्षेचं अंग डिबगरला फक्त स्वतःच्या वंशावळीला धरू देतं, आणि टेस्टने उठवलेला प्रोग्राम डिबगरचा पुतण्या असतो, मुलगा नव्हे. यामाच्या पीट्रेस-स्कोप या सेटिंगची किंमत शून्य कर किंवा सुडोने लाव. डॉकरच्या आत असशील तर कंटेनर सुरू करतानाच पीट्रेसची परवानगी द्यावी लागते. नाहीतर टेस्ट रनरलाच जीडीबीखाली चालव आणि फॉर्क झाल्यावर, म्हणजे नवी प्रोसेस जन्मल्यावर, पोराच्या मागे जा असं सांग. अधूनमधून फेल होणाऱ्या टेस्टला मात्र आरआर हे मोझिलात जन्मलेलं हत्यार बघ. ते पूर्ण टेस्ट, पोराबाळांसकट, रेकॉर्ड करतं आणि मग हवं तितक्या वेळा, उलट्या दिशेनेही, चालवता येतं. टाइमआउटची भानगडच नाही, कारण तू बघतोस ते होऊन गेलेलं असतं.

जावाच्या डेस्कटॉपवाल्यांनी जावा-टूल-ऑप्शन्स या व्हेरिएबलमध्ये डिबगचा एजंट टाकला की प्रत्येक जेव्हीएम तो उचलते. प्रत्येक, म्हणजे मेव्हनही. सगळ्यांत आधी तोच ५००५ पोर्ट धरून थांबून बसतो, आणि तुझा खरा प्रोग्राम पोर्ट मोकळा नाही म्हणून सुरूच होत नाही. व्हेरिएबल शेलमध्ये देऊ नका, टेस्टमधून फक्त त्या पोराला द्या. अँड्रॉइडवर एस्प्रेसोची टेस्ट आणि ॲप एकाच प्रोसेसमध्ये असतात म्हणून हा प्रश्न येतच नाही, यूआय-ऑटोमेटरमध्ये येतो; तिथे डेव्हलपर ऑप्शनमध्ये डिबगचं ॲप निवडून डिबगरची वाट बघ असं सांगता येतं. आयफोनच्या एक्ससी-यूआय टेस्टमध्ये रनर आणि ॲप वेगळे असतात, आणि एक्सकोडमध्ये नावाने अटॅच केलं की ॲप उठायच्या आधीच डिबगर वाट बघत बसतो.

आता तुझ्या कोऱ्या रकान्याकडे येतो. डिबगर लावायच्याही आधी एक गोष्ट बघ, कारण मला दाट संशय तिथेच आहे. एफ५ने चालवतोस तेव्हा काट्याची वर्किंग डिरेक्टरी त्याचं स्वतःचं बिल्डचं फोल्डर असते. टेस्टमधून उठतो तेव्हा ती बापाकडून मिळते, म्हणजे टेस्टच्या प्रोजेक्टचं बिन फोल्डर. आता तुझं पोर्टचं सेटिंग कुठल्या फाइलमध्ये आहे? आणि ती तू नुसत्या नावाने उघडतोस की पूर्ण पाथने? आमच्याकडे नेमकं हेच होतं. नुसतं नाव. टेस्टच्या फोल्डरमध्ये ती फाइल नव्हती, वाचताना एक्सेप्शन आली, कोणा भल्या माणसाने तिथे रिकामा कॅच (चूक पकडून काहीच न करणारा कोड) लिहून ठेवला होता (बहुतेक मीच), आणि प्रोग्रामने मुकाट्याने मुळात ठरलेली किंमत घेतली: कॉम १ हा पोर्ट. आमचा काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा पाठवणारं यंत्र), म्हणजे टेस्टसाठी बनवलेला खोटा इंडिकेटर, होता कॉम ५वर, ९६०० बॉडने आकडे ओतत. कॉम १वर ऐकायला कोणीच नाही. वजन कोरं. प्रोग्रामला काहीही झालेलं नव्हतं, तो चुकीच्या दारात कान लावून बसला होता.

हे सगळं खिडकी दिसायच्या आत घडतं. म्हणून तू नंतर अटॅच होऊन वजनाच्या रकान्याच्या बाइंडिंगमध्ये कितीही खणलंस तरी तिथे काही सापडणार नाही. जन्मतः थांबवणारी ती चार ओळींची युक्ती लाव, अटॅच हो, एक्सेप्शन सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या सीएलआर, म्हणजे डॉटनेटच्या, एक्सेप्शनवर थांब असं सांग. म्हणजे रिकाम्या कॅचने गिळलेली एक्सेप्शनही, गिळायच्या आधी, तुझ्यासमोर येईल. 'जस्ट माय कोड' चालू असेल आणि टेस्ट रिलीज बिल्डवर चालत असतील तर ऑप्टिमाइझ केलेला कोड स्टुडिओ तुझा मानत नाही, तेव्हा एकतर डिबग बिल्डवर टेस्ट चालव किंवा ती खूण काढ.

संशय खरा निघाला तर टेस्टमध्ये वर्किंग डिरेक्टरी देऊन भागवू नकोस. टेस्ट पास होईल, पण उद्या जिनिंगवर कोणी डेस्कटॉपवर शॉर्टकट करताना 'स्टार्ट इन' कोरं ठेवेल आणि रकाना पुन्हा कोरा. प्रोग्राममध्येच पाथ 'ॲप-कॉन्टेक्स्ट डॉट बेस-डिरेक्टरी'ला जोडून घे, आणि त्या कॅचमध्ये निदान लॉगची एक ओळ लिही.

आणि नेटवर वाचून रजिस्ट्रीतली ती नोंद तू आधीच करून बसला असशील, तर आजच काढ. मशीन काट्यावर जायच्या आत.